सर्च इंजिन पुन्हा पुन्हा बदलत असेल तर: ब्राउझर हायजॅकर मुळापासून काढण्याची रीत

ॲड्रेस बारमध्ये शब्द टाइप करावा आणि निकाल कधी न पाहिलेल्या पानावर उघडावेत, नवा टॅब उघडला की आपण न निवडलेले शोधपान समोर यावे, आणि सेटिंग्जमध्ये जाऊन सर्च इंजिन पूर्ववत केले तरी संगणक पुन्हा सुरू करताच तेच पान परत यावे, अशी लक्षणे दिसू लागली की ब्राउझर हायजॅक झाला आहे असे समजावे. या टप्प्यावर बहुतेक जण सर्च इंजिन बदलतात, ते परत उलटते, मग ते पुन्हा बदलतात, आणि चार दिवसांनी कंटाळून त्या परक्या पानाचीच सवय करून घेतात. सेटिंग्जच्या पानावर दिसणारे नाव हा केवळ परिणाम असतो. ते नाव तिथे लिहिणारे काहीतरी संगणकात दुसरीकडे बसलेले असते आणि ते हटेपर्यंत आपण केलेली दुरुस्ती टिकत नाही. म्हणून या लेखातील क्रम मुद्दाम उलटा आहे. आधी लिहिणारा शोधून काढायचा आणि सर्च इंजिनला हात सर्वांत शेवटी लावायचा.

हा उद्योग कशासाठी केला जातो हे समजले तर शोधमोहीम सोपी होते. शोधाच्या निकालांबरोबर दिसणाऱ्या जाहिरातींवर क्लिक झाले की शोधसेवेला पैसे मिळतात आणि त्यातील वाटा तो वाचक आणून देणाऱ्याला मिळतो. हायजॅकर आपला शोध आधी स्वतःच्या पत्त्यावर नेतो, त्यावर आपली खूण लावतो आणि मग तो बिंग किंवा याहूसारख्या खऱ्या शोधसेवेकडे ढकलतो. यामुळेच अनेकांना ‘याहूने माझा ब्राउझर ताब्यात घेतला’ असे वाटते, जे बरोबर नसते. शोध दिल्यानंतर ॲड्रेस बारकडे नीट पाहिले तर क्षणभर एक अनोळखी पत्ता झळकून जातो. खरा धनी तो असतो आणि तो पत्ता कागदावर टिपून ठेवावा, कारण पुढे रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते त्या जागेत) आणि शॉर्टकटमध्ये (ब्राउझर उघडण्याच्या चिन्हात) तोच शोधायचा आहे.

हा प्रकार किरकोळ समजू नये. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाच्या हायजॅकरचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा जगभरात २५ कोटी आणि एकट्या भारतात अडीच कोटींहून अधिक संगणक बाधित असल्याचा तिचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने हे आकडे फुगवलेले असल्याचे म्हटले. परंतु दुसऱ्याच प्रोग्रॅमच्या पोटातून येऊन सर्च इंजिन आणि होमपेज बदलण्याची त्याची पद्धत दोघांनाही मान्य होती.

माझ्या परिचयातील एक डीटीपी करणारे गृहस्थ याच वाटेने सापडले. त्यांना जुन्या फाँटमधील लग्नपत्रिकेचा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा होता आणि त्यासाठी ते फाँट कन्व्हर्टर शोधत होते. उघडलेल्या पानावर ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन हिरवी बटणे होती. त्यातले सर्वांत मोठे बटण जाहिरातीचे होते आणि त्यांनी तेच दाबले. इन्स्टॉल करताना ‘रेकमेंडेड’ आणि ‘कस्टम’ असे दोन पर्याय आले, तेव्हा साहजिकच त्यांनी पहिला निवडला. दुसरा निवडला असता तर आधीच टिचक्या मारून ठेवलेले दोन चौकोन त्यांना दिसले असते: एक सर्च इंजिन बदलण्याचा आणि दुसरा ‘शॉपिंग हेल्पर’ बसवण्याचा. कन्व्हर्टर मात्र चाललाच नाही.

सुरुवातीची तयारी

पहिली गोष्ट म्हणजे बाधित ब्राउझरमधून उपाय शोधू नये. ज्या शोधाचे निकाल दुसरा कोणी ठरवत आहे, त्या निकालांत ‘हायजॅकर काढण्याचे मोफत साधन’ म्हणून दुसराच हायजॅकर किंवा बनावट कस्टमर केअरचा नंबर पुढे केला जाण्याची शक्यता असते. काही डाउनलोड करायचे असेल तर निर्मात्याच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा किंवा काम दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर करावे.

दुसरी गोष्ट सिंकची. क्रोम, एज आणि फायरफॉक्स हे तिन्ही ब्राउझर खात्यात साइन इन केले असता एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडले जाणारे छोटे पूरक प्रोग्रॅम) आणि सेटिंग्ज सर्व उपकरणांवर सारखी ठेवतात. आपण एका संगणकावरून काढलेले एक्स्टेन्शन खात्याच्या साठ्यातून परत उतरू शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सिंक बंद करावे आणि त्याच खात्याने आणखी कोणकोणत्या संगणकांवर साइन इन केले आहे ते आठवून ठेवावे.

एक्स्टेन्शन आणि प्रोग्रॅम

बरीचशी प्रकरणे एक्स्टेन्शनच्या पातळीवरच संपतात, त्यामुळे सुरुवात तिथून करावी. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांच्या मेनूतून ‘एक्स्टेन्शन्स’ आणि मग ‘मॅनेज एक्स्टेन्शन्स’ उघडावे. एकेकावर संशय घेत बसण्यापेक्षा सगळी एक्स्टेन्शन बंद करावीत, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा आणि एखादा साधा शोध देऊन पाहावा. शोध सरळ गेला तर गुन्हेगार या यादीतच आहे. मग एकेक चालू करत जावे आणि ज्याच्यानंतर शोध पुन्हा वळतो ते ‘रिमूव्ह’ करावे. प्रत्येकाच्या ‘डिटेल्स’मध्ये त्याला दिलेल्या परवानग्या दिसतात. हवामान दाखवणाऱ्या किंवा पीडीएफ जोडून देणाऱ्या एक्स्टेन्शनला सर्व संकेतस्थळांवरील सर्व डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी कशासाठी हवी, हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि उत्तर सापडले नाही तर ते काढून टाकावे.

‘हे तर मी चार वर्षे वापरतो आहे’ हा निर्दोषत्वाचा पुरावा मानू नये. टॅब झोपवून ठेवणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे अत्यंत लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये मूळ निर्मात्याकडून दुसऱ्याच्या हाती गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर (घातक प्रोग्रॅम) ठरवून बंद केले. वापरणाऱ्यांनी नवे काहीच बसवले नव्हते. मालक बदलला होता.

यानंतर प्रोग्रॅमची यादी पाहावी. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ या वाटेने जाऊन यादी इन्स्टॉल केल्याच्या तारखेनुसार लावावी. ही एक गोष्ट अर्धे काम करते, कारण त्रास सुरू झाला त्या दिवशी आणि आदल्या दिवशी काय काय आले ते एकत्र दिसते. नावांवर विश्वास ठेवू नये. अशा प्रोग्रॅमना ‘हेल्पर’, ‘मॅनेजर’, ‘अपडेटर’ अशी सोज्वळ नावे देण्याची रीतच आहे. मात्र ग्राफिक्स किंवा साउंडचे ड्रायव्हर, ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’च्या नोंदी यांना धक्का लावू नये. अनइन्स्टॉल करताना येणारी चौकट पूर्ण वाचावी, कारण ‘सुरक्षित शोध चालू ठेवायचा का’ असे विचारून होकाराचे बटण ठळक आणि नकाराचे फिकट ठेवलेले असू शकते. हे झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा आणि तपासावे. सर्व ठीक असेल तर मधला भाग सोडून थेट सेटिंग्जच्या दुरुस्तीकडे गेले तरी चालेल.

‘रिमूव्ह’चे बटणच नसेल तर

खरी चिवट प्रकरणे इथे सुरू होतात. एक्स्टेन्शनखाली ते ॲडमिनिस्ट्रेटरने बसवले असल्याचा मजकूर दिसतो, काढण्याचे बटण निकामी असते आणि तीन ठिपक्यांच्या मेनूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ असते. ही सोय मुळात कंपन्या आणि महाविद्यालयांसाठी आहे: तिथला प्रशासक शेकडो संगणकांवर एकच होमपेज किंवा एकच एक्स्टेन्शन सक्तीने लावू शकतो. हायजॅकर तीच सोय वापरून घरच्या संगणकाचा प्रशासक होऊन बसतो. संगणक कार्यालयाचा असेल तर मात्र ही ओळ योग्यच आहे. तिथे काहीही न खोडता आयटी विभागाला कळवावे. घरच्या संगणकावरही एखादा खरा अँटिव्हायरस अशी नोंद करू शकतो, म्हणून आधी वाचावे आणि मगच खोडावे.

वाचण्याची जागा सोपी आहे. क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये इंग्रजी अक्षरांत क्रोम, त्यापुढे कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असे सलग टाइप करून एंटर दाबावे. ज्या संगणकावर कोणतीही सक्ती नाही तिथे हे पान जवळपास रिकामे असते. ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ ही नोंद दिसली तर तिच्यासमोर बत्तीस अक्षरांची एक अगम्य ओळ असते. ती सक्तीने बसवलेल्या एक्स्टेन्शनची ओळख आहे. ‘डिफॉल्ट सर्च प्रोव्हायडर’ने सुरू होणाऱ्या नोंदी असतील तर त्यांच्यासमोर आपण कागदावर टिपलेला पत्ता बहुधा सापडतोच.

इथे लगेच खोडण्याचा मोह आवरावा, कारण या नोंदी पुन्हा लिहून ठेवणारे नियोजित काम संगणकात असू शकते आणि ते आधी थांबवले पाहिजे. स्टार्ट मेनूत ‘टास्क शेड्युलर’ शोधून उघडावा, डावीकडे ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’वर क्लिक करावे आणि मधल्या यादीतील प्रत्येक कामाचा ‘ॲक्शन्स’ हा भाग पाहावा. नेहमीच्या कामांत एखाद्या ओळखीच्या प्रोग्रॅमच्या अपडेटरचा पत्ता असतो. संशयास्पद कामात ‘पॉवरशेल’ (विंडोजचे आज्ञा चालवण्याचे साधन) हे नाव आणि त्यापुढे अर्थहीन अक्षरांची लांबलचक माळ असते, किंवा ‘ॲपडेटा’ फोल्डरातील विचित्र नावाची फाइल असते. २०२२ मध्ये गाजलेला ‘क्रोमलोडर’ हा हायजॅकर याच पद्धतीचा होता; फुकटचे गेम आणि सिनेमे म्हणून मिळणाऱ्या आयएसओ (डिस्कची हुबेहूब प्रत असलेल्या) फाइलींतून तो येई आणि नियोजित कामातून पॉवरशेल चालवून क्रोममध्ये एक्स्टेन्शन घुसवत असे. अशी नोंद सापडली तर ती आधी ‘डिसेबल’ करावी, तिने चालवलेल्या फाइलचा पत्ता लिहून घ्यावा आणि खात्री पटल्यावर दोन्ही काढावेत. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप ॲप्स’ची यादीही याच नजरेने पाहून घ्यावी.

आता रजिस्ट्री. स्टार्ट मेनूतून ‘रजिस्ट्री एडिटर’ उघडावा आणि डाव्या बाजूच्या फोल्डरांतून ‘एचकी लोकल मशीन’, ‘सॉफ्टवेअर’, ‘पॉलिसीज’, ‘गूगल’, ‘क्रोम’ असे उतरत जावे. ‘एचकी करंट युजर’खालीही हीच वाट असते आणि ती तपासायला लोक विसरतात. खोडण्यापूर्वी त्या फोल्डरवर उजवे क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ने प्रत ठेवावी, चूक झाली तर त्या फाइलवर दोनदा क्लिक केल्याने नोंदी परत येतात. मग परक्या पत्त्याच्या आणि सक्तीच्या एक्स्टेन्शनच्या तेवढ्या नोंदी काढाव्यात. पॉलिसीच्या पानावर ‘रीलोड पॉलिसीज’ दाबले की त्या नाहीशा झालेल्या दिसतात आणि ‘रिमूव्ह’चे बटण पुन्हा जिवंत होते. रजिस्ट्रीत हात घालण्याची धास्ती वाटत असेल तर हे काम जाणकाराला शेजारी बसवून करावे; त्यात कमीपणा नाही.

शॉर्टकटची शेपटी

सगळे स्वच्छ करूनही ब्राउझर उघडताच परके पान येत असेल तर दोष अनेकदा डेस्कटॉपवरील चिन्हातच असतो. चिन्हावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘टार्गेट’ या रकान्यात कर्सर ठेवून कीबोर्डवरील ‘एंड’ कळ दाबावी. रकाना अरुंद असल्यामुळे शेवटचा भाग एरवी दिसत नाही आणि हायजॅकरला तेच हवे असते. मजकूर क्रोम डॉट ईएक्सई आणि बंद होणारे अवतरणचिन्ह इथे संपला तर ठीक. एकाहून अधिक प्रोफाइल असतील तर त्यापुढे प्रोफाइलचे नाव सांगणारा भाग असतो, तोही निर्दोष आहे. मात्र अवतरणचिन्हानंतर जागा सोडून एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता किंवा ‘लोड एक्स्टेन्शन’ असे शब्द असतील तर ती जोडलेली शेपटी आहे. ती खोडून ‘ॲप्लाय’ करावे. डेस्कटॉप, टास्कबार आणि स्टार्ट मेनू या तिन्ही ठिकाणची चिन्हे वेगवेगळी असतात, म्हणून तिन्ही पाहावीत. फार खटाटोप नको असेल तर जुनी चिन्हे काढून नवी बनवावीत.

‘सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’खाली ‘प्रॉक्सी’ हे पान असते. प्रॉक्सी म्हणजे आपण आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसणारा मध्यस्थ. घरच्या जोडणीला सहसा प्रॉक्सी लागत नाही; तिथे आपण न भरलेला पत्ता दिसला, विशेषतः १२७.०.०.१ आणि पुढे एखादा क्रमांक, तर संगणकातीलच कोणता तरी प्रोग्रॅम मध्ये बसून वाहतूक पाहतो आहे असा त्याचा अर्थ होऊ शकतो. तो पर्याय बंद करावा.

मग स्कॅन करावा. विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडरमध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’खाली ऑफलाइन स्कॅनचा पर्याय आहे, त्यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण चालू होण्यापूर्वी तपासणी होते. त्याला साधारण पंधरा मिनिटे लागतात, त्यामुळे उघडी कामे आधी सेव्ह करावीत. मालवेअरबाइट्सचे ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ हे मोफत साधन नेमके अशाच नकोशा प्रोग्रॅमसाठी बनवलेले आहे. क्रोममध्ये पूर्वी स्वतःचे सफाईचे साधन होते, परंतु गूगलने ते २०२३ मध्ये काढून टाकले. त्याचा उल्लेख करणारे जुने मार्गदर्शन अजून फिरत असते, त्यात वेळ घालवू नये.

स्कॅनवर पूर्ण भिस्त ठेवणेही योग्य नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर कारखान्यातूनच आलेल्या ‘सुपरफिश’ या जाहिराती घुसवणाऱ्या प्रोग्रॅमचे प्रकरण उघड झाले, तेव्हा लोकांनी प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला, पण त्याने विंडोजमध्ये बसवलेले मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या आधारे संगणक संकेतस्थळाची ओळख खरी मानतो) मागे राहिले आणि सुरक्षित जोडण्यांना असलेला धोका कायम राहिला. शेवटी कंपनीला स्वतंत्र सफाई साधन द्यावे लागले.

आता सेटिंग्ज

लिहिणारा गेला, आता त्याने लिहिलेले पुसायचे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’ या भागात हवे ते इंजिन निवडावे आणि नंतर ‘मॅनेज सर्च इंजिन्स’ उघडून परक्या नोंदी डिलीट करावीत. इथे नाव ‘गूगल’ असले म्हणून पुढे जाऊ नये. ‘एडिट’ दाबून पत्ता पाहावा, कारण नाव कोणालाही काहीही देता येते. पत्त्यात टक्क्याचे चिन्ह आणि एस हे अक्षर असते, ती आपला शब्द बसण्याची जागा. त्याच्या आधीचे संकेतस्थळ ओळखीचे असले पाहिजे. मग ‘ऑन स्टार्टअप’ आणि ‘अपीअरन्स’मधील होम बटणाचा पत्ता तपासावा. ‘साइट सेटिंग्ज’मधील ‘नोटिफिकेशन्स’ची यादीही पाहावी, कारण ‘मी रोबोट नाही’ म्हणून दाबलेल्या ‘अलाऊ’मुळे तिथे घुसलेली संकेतस्थळे पुढे महिनोन्‌महिने ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असे इशारे पाठवत राहतात.

एवढे वेचत बसायचे नसेल तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘रीसेट’ टाइप करावे आणि सर्व सेटिंग्ज मूळ स्थितीला नेण्याचा पर्याय निवडावा. त्याने सर्च इंजिन, सुरुवातीचे पान आणि नवा टॅब पूर्ववत होतात, एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज जातात, म्हणजे सगळीकडे पुन्हा लॉगिन करावे लागते. बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड राहतात. एजमध्येही हाच शब्द शोधून असाच पर्याय सापडतो. फायरफॉक्समध्ये मदतीच्या मेनूतील ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावर ‘रिफ्रेश फायरफॉक्स’चे बटण आहे, ते नवे प्रोफाइल बनवून बुकमार्क आणि पासवर्ड त्यात नेते आणि जुने प्रोफाइल डेस्कटॉपवर वेगळ्या फोल्डरात ठेवते. ब्राउझरमध्ये घरातील प्रत्येकाचे वेगळे प्रोफाइल असेल तर ही दुरुस्ती प्रत्येकात स्वतंत्रपणे करावी लागते.

मॅकवर रीत हीच, जागा वेगळ्या: सफारीच्या सेटिंग्जमधील एक्स्टेन्शन, ‘लॉगिन आयटम्स’ आणि ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘प्रोफाइल्स’ शोधल्यावर मिळणारी यादी. वैयक्तिक मॅकवर आपण न बसवलेले प्रोफाइल असू नये. विंडोजमधील पॉलिसीचे काम तिथे ते करते. अँड्रॉइड फोनवर दोष बहुतेकदा नुकत्याच घेतलेल्या एखाद्या ॲपचा किंवा क्रोमच्या नोटिफिकेशनचा असतो.

सफाई संपल्यावर ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत, आधी नव्हे. सर्व पाने वाचू शकणारे एक्स्टेन्शन हजर असताना नवा पासवर्ड टाइप करणे म्हणजे तो त्याच्या हाती देणे होय. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर वाट न पाहता बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनला कळवावे.

सिंक मात्र लगेच चालू करू नये. संगणक दोनदा पुन्हा सुरू करावा, एक दिवस नेहमीप्रमाणे वापरावा, पॉलिसीचे पान आणि सर्च इंजिन पुन्हा पाहावे. वर उल्लेख केलेल्या गृहस्थांचा संगणक तीन तासांत स्वच्छ झाला होता आणि त्याच संध्याकाळी त्यांनी सिंक चालू केले. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘शॉपिंग हेल्पर’ परत हजर. शोध घेता असे निघाले की दुकानातील दुसरा संगणक, ज्यावर केवळ बिले छापली जात, त्याच खात्याने साइन इन केलेला होता आणि ते एक्स्टेन्शन तिथे कोणाच्याही नजरेस न पडता शाबूत होते. तिथून ते काढल्यावर, खात्याचा सिंक केलेला डेटा एकदा पुसला आणि मगच दोन्ही संगणक पुन्हा जोडले.